वीस वर्षांनंतर पुन्हा परीक्षेला

बी.एड.चा शेवटचा पाठ झाला, त्यानंतर माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून "हे असं का शिकवलंत?" असं मला कोणी विचारलेलं नाही. टीचर्स डायरी तपासली जाते, मुलांच्या वह्या तपासून झाल्या का ते बघतात, दहावीच्या निकालावर दरवर्षी बैठक होते. इंदूरमध्ये विज्ञान शिकवायला लागून मला वीस वर्षं होत आली. होळकर कॉलेजात रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्यामुळे विषयाची चिंता कधी वाटली नाही. पण मी शिक्षिका कशी आहे, हे सांगणारा माझ्याकडचा एकमेव कागद वीस वर्षांपूर्वीचा आहे.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तीही बरीच अनुभवी. या जूनमध्ये सुट्टीला माहेरी आली, तेव्हा नॅशनल बोर्डाची फाइल नुकतीच पाठवून मोकळी झाली होती. रामबागेतल्या घरी दुपारची जेवणं उरकली की आम्ही दोघी तिचा लॅपटॉप उघडून बसायचो. आई म्हणायची, "अगं, सुट्टीत तरी शाळा सोडा." पण मला ते सोडवेना.

नॅशनल बोर्ड फॉर प्रोफेशनल टीचिंग स्टँडर्ड्स ही संस्था तिकडे १९८७ साली स्थापन झाली. नोकरीसाठी लागणारा परवाना राज्य देतं. बोर्डाचं प्रमाणपत्र त्याच्या वरचं, आणि ते पूर्णपणे ऐच्छिक. किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. चार भाग असतात आणि प्रत्येकाची फी ४७५ डॉलर, म्हणजे एकूण १,९००. पहिला भाग विषयज्ञानाची संगणकावरची परीक्षा. दुसऱ्यात मुलांनी केलेलं काम जोडून, वेगवेगळ्या मुलांसाठी शिकवण्यात काय बदल केले ते दाखवायचं. तिसऱ्यात वर्गाचे दोन व्हिडिओ, प्रत्येकी दहा ते पंधरा मिनिटांचे. चौथ्यात मुलांची माहिती कशी गोळा केली, पालकांशी आणि सहकाऱ्यांशी मिळून काय केलं, याचे पुरावे. तपासणारेही शिक्षकच. निकाल डिसेंबरमध्ये, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पास होणाऱ्या शिक्षकाला नॉर्थ कॅरोलिना राज्य पगारात १२ टक्के वाढ देतं. ही वाढ मला फार महत्त्वाची वाटते. चांगलं शिकवणाऱ्याला वर्गातच राहून पुढे जाता येतं, त्यासाठी मुख्याध्यापक व्हावं लागत नाही.

मला सर्वांत जास्त आवडला तो तिसरा भाग. एकूण गुणांत त्याचा वाटा ३० टक्के. व्हिडिओ मध्येच कापायचा नाही, सजवायचा नाही. त्यासोबत लिहायचं ते तीन प्रकारचं: काय घडलं त्याचं वर्णन, तसं का घडलं याचं विश्लेषण, आणि पुढच्या वेळी काय करेन याचं चिंतन. बहिणीच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं, 'मुलांचा सहभाग उत्तम होता.' ते तिनं स्वतःच खोडलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'कशावरून?' त्याखाली मग कोणत्या मिनिटाला कोणता मुलगा काय बोलला, आणि त्यातून त्याला काय कळलेलं दिसतं, हे सगळं. तो एक समास मी कितीतरी वेळ बघत बसले.

बोर्डाचं प्रमाणपत्र तिथल्या शिक्षकांसाठी आहे. पण आपल्या वर्गाचा व्हिडिओ करून त्यावर असं लिहायला कोणाची आडकाठी आहे? शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापिका मॅडमची परवानगी घेतली, पालकांकडून लेखी संमती घेतली आणि दहावीच्या धातू-अधातूंच्या धड्याला मोबाइल मागच्या कपाटावर ठेवून दिला.

प्रयोग नेहमीचाच. मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात लोखंडी खिळा, आणि शेजारच्या परखनळीत तसाच खिळा साध्या पाण्यात. थोड्या वेळानं पहिल्या खिळ्यावर तांब्याचा तपकिरी थर चढतो आणि निळं द्रावण हिरवट व्हायला लागतं. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, जंग लग गई." याही वर्षी आलं. तेव्हा मी पुढच्या टेबलापाशी होते. मागच्या बाकावर काय चाललंय ते मला दिसलं ते घरी, व्हिडिओत. कधीही हात वर न करणारी एक मुलगी शेजारणीला हळूच सांगत होती, "जंग होती तो नीला रंग क्यों जाता? और सादे पानी वाली देख, वो तो वैसी की वैसी है." तिनं दोन्ही परखनळ्या उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या होत्या. शेजारीण आधी "पर रंग तो वही है" म्हणून अडून बसली, मग गप्प होऊन बघत राहिली.

यातच सगळं आलं. तुलनेसाठी ठेवलेला खिळा तिनं बरोबर तुलनेसाठीच वापरला, आणि द्रावणाचा रंग हा पुरावा आहे हे तिचं तिनंच ओळखलं. दुसऱ्या दिवशी तास मी तिच्याच युक्तिवादानं सुरू केला. तिला उभं केलं नाही, ते तिला आवडलं नसतं. फळ्यावर दोन वाक्यं लिहिली, 'हा गंज आहे' आणि 'हा गंज नाही', आणि प्रत्येक जोडीला कोणत्या तरी एका बाजूनं पुरावा द्यायला सांगितला. तिच्या बाकावर पहिल्यांदाच एवढा गलका ऐकला! त्या तासावर मी पाच पानं लिहिली आणि बहिणीला पाठवली. तिनं तीन ठिकाणी 'कशावरून?' लिहून परत पाठवली आहेत.

स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, याचं काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय आणि शिक्षकांची राष्ट्रीय मानकं ठरवण्याची गोष्टही आहे. तास आम्ही भरतो. ऑनलाइन कोर्स पूर्ण झाला की प्रमाणपत्र डाउनलोड होतं. त्यातले काही कोर्स खरंच चांगले आहेत. पण माझ्या वर्गात ती मुलगी काय बोलली, हे त्यातला एकही कोर्स मला विचारत नाही. मानकं शाळांपर्यंत येतील तेव्हा त्यांच्यासोबत असं काहीतरी यावं: ऐच्छिक, कठीण, शिक्षकांनीच तपासलेलं आणि पगाराशी जोडलेलं. ते येईपर्यंत थांबायची माझी तयारी नाही.

आमच्याच शाळेतली गणिताची एक मैत्रीण सोबत आली आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी आम्ही माझ्या घरी एकमेकींचे व्हिडिओ बघतो. सुदामानगर, लोकमान्यनगर भागातल्या कुठल्याही शाळेचे शिक्षक येऊ शकतात, कोणताही विषय चालेल. पालकांची संमती घेतलेला, न कापलेला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ आणि त्यावर लिहिलेली निदान दोन पानं सोबत आणा. पुढच्या वेळी तिचा नववीचा बहुपदींचा तास आहे, त्यानंतर माझा भिंगांचा.