मंगलाष्टके आधी, सनई नंतर

लग्नातल्या संगीताची चर्चा बहुतेक घरांत सनईपासून सुरू होते आणि वरातीच्या बँडपाशी संपते. मंगलाष्टके मात्र 'मावशी म्हणेल, आत्याही म्हणेल' एवढ्यावर सोडून दिली जातात. खरे तर अंतरपाट धरलेला असतो तेवढी आठदहा मिनिटेच सगळा मांडव गप्प राहून ऐकतो. म्हणून आखणी तिथून सुरू करावी आणि बाकीचे संगीत तिच्याभोवती बसवावे.

मंगलाष्टकांचे वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरे, १२ अक्षरांवर यती, म्हणजे विराम. गण (तीनतीन अक्षरांचे गट) म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. गुणगुणून पाहायचे तर ('गा' म्हणजे गुरू, लांब अक्षर; 'ल' म्हणजे लघु, आखूड अक्षर): गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. मात्रा (लघूची एक, गुरूच्या दोन) मोजल्या तर पहिल्या तुकड्यात १८ आणि दुसऱ्यात १२, म्हणजे ओळीला ३०. 'कुर्यात् सदा मंगलम्' हे पालुपद त्या दुसऱ्या तुकड्यात चपखल बसते, कारण त्याची सातही अक्षरे गागाल गागाल गा अशीच पडतात. कडवे कोणीही रचलेले असो, पालुपदाशी येऊन सगळे एका सुरात मिसळतात ते यामुळे.

नवी मंगलाष्टके रचताना सर्वात जास्त घोळ नावांत होतो. वधूवरांचे नाव कुठेही घुसवता येत नाही, त्याच्या लघुगुरूंना जागा सापडावी लागते. मधुरा (ललगा) चौथ्या अक्षरापासून बसते, नाहीतर दहाव्यापासून. अनिकेत (ललगाल) फक्त चौथ्यापासून. स्नेहल (गालल) तिसऱ्यापासून किंवा आठव्यापासून. वैदेही (गागागा) ओळीच्या तोंडी. आणि अनुराधा (ललगागा) यती न मोडता बसतच नाही; 'अनुरा' पहिल्या तुकड्यात आणि 'धा' दुसऱ्यात जातो. अशा वेळी नाव ओढूनताणून म्हणण्यापेक्षा घरातले लाडके नाव घ्यावे किंवा नावाचा अर्थ ओवावा. 'राधा' (गागा) मात्र चार ठिकाणी बसते.

दुसरी चूक जोडाक्षरांची. ही ओळ पाहा:

आली ही मधुरा सुमंगल मनी घेऊन आशा नवी

ही वृत्तात आहे. 'आशा'च्या जागी 'स्वप्ने' घातले तर कागदावर काहीच बिघडलेले दिसत नाही, पण 'स्व' या जोडाक्षरामुळे आधीचा 'न' गुरू होतो आणि गाताना तिथे नेमकी ठेच लागते. रचून झाले की प्रत्येक ओळ टाळीवर म्हणून पाहावी. बोलताना आपण 'सुमंगल्' म्हणतो, गाताना मात्र शेवटचा 'ल' पूर्ण उच्चारायचा, नाहीतर एक अक्षर कमी पडते आणि गाणारा ते आलाप घेऊन भरून काढू लागतो.

लोकप्रिय गाण्याच्या चालीवर मंगलाष्टके म्हणायचा मोह टाळावा असे माझे ठाम मत आहे. बहुतेक गाणी ६ किंवा ८ मात्रांच्या ठेक्यात असतात. तीस मात्रांची ओळ ८ च्या ठेक्यात घातली की दोन मात्रा उरतात, त्या भरायला कुठलातरी स्वर ताणावा लागतो, आणि ताणला जातो तो बहुधा यतीपाशी नाही, शब्दाच्या मध्येच. ६ च्या ठेक्यात मात्रा जुळतात, पण लघुगुरूंचे वजन ठेक्याच्या ठोक्यांवर पडत नाही. पारंपरिक चाल ठेक्याशिवाय, वृत्ताच्या लयीवर चालते. ऐकणाऱ्याला शब्द कळतात ते त्यामुळेच.

आता वेळ. सेकंदाला साधारण ३ मात्रा अशा लयीत एक ओळ १० सेकंदांत होते. चार ओळींचे कडवे ४० सेकंद, त्यानंतर 'शुभमंगल सावधान' आणि अक्षता यांना १० सेकंद. आठ कडव्यांची ६ मिनिटे ४० सेकंद झाली. शेवटचे 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' आणखी अर्धा मिनिट घेते. प्रत्येक नवा गाणारा माइकपाशी येऊन घसा साफ करेपर्यंत १५ सेकंद जातात. पाच जण असतील तर सव्वा मिनिट. म्हणजे सगळी मिळून साडेआठ मिनिटांच्या आसपास; थोडी सवड धरून, मुहूर्त १२ वाजून २१ मिनिटांचा असेल तर १२ वाजून ११ मिनिटांनी अंतरपाट धरलेला हवा. घरच्या मंडळींच्या कडव्यांचा वेळ आधी घड्याळ लावून मोजा. काही जण एकेक ओळ २० सेकंद आळवतात, आणि असे तिघे असले तरी मुहूर्त टळतो.

क्रम असा ठेवावा: पहिले कडवे गुरुजींचे, मधली पाच घरच्यांची, शेवटची दोन पुन्हा गुरुजींची. मुहूर्ताला वेळ उरला तर ते एखादे जास्तीचे म्हणतील, कमी पडला तर गाळतील. घरचा हौशी गाणारा शेवटी ठेवला की त्याला मध्येच थांबवणे कोणालाच जमत नाही. 'तदेव लग्नं'ची ओळ ११ अक्षरांची, वृत्त निराळे, म्हणून चालही निराळी. ते गुरुजींकडेच राहू द्या.

पट्टीचा, म्हणजे कोणत्या स्वराला 'सा' धरायचे याचा, प्रश्न पुरुष आणि बायका दोघे गाणार असले की उभा राहतो. सर्वसाधारणपणे पुरुषांना संवादिनीची काळी एक, काळी दोन सोयीची, बायकांना काळी चार, काळी पाच. सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावले की कोणीतरी किंचाळतो किंवा कोणाचा आवाजच उमटत नाही. सोपा उपाय म्हणजे पुरुषांनी काळी एक घ्यावी आणि बायकांनी काळी चार. काळी एकचा पंचम (प) तोच काळी चारचा षड्ज (सा), त्यामुळे पट्टी बदलली तरी कानाला धक्का बसत नाही. संवादिनीवाला नसेल तर मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. तो स्पीकरवर लावायचा नाही, गाणाऱ्यापाशी हळू ठेवायचा. आणि फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर नेमक्या सावधानच्या वेळी रिंगटोन वाजते.

माइक दोन हवेत, एक गुरुजींना आणि एक गाणाऱ्यांना. गाणारे स्पीकरच्या मागे उभे राहिले पाहिजेत. स्पीकर त्यांच्या पाठीमागे असला की शिट्टी वाजते, आणि मग साउंडवाला आवाज इतका उतरवतो की मागच्या रांगांना काही ऐकू जात नाही. कार्यालयात प्रतिध्वनी जास्त असेल तर एको पूर्ण बंद ठेवा, लय थोडी संथ घ्या.

सनईची निवड यानंतर, आणि ती तुलनेने सोपी. सकाळी भैरव, तोडी; दुपारच्या मुहूर्ताला वृंदावनी सारंग; संध्याकाळ उलटल्यावर यमन. गोरज मुहूर्ताला वेळेप्रमाणे मारवा येतो खरा, पण त्याची हुरहुर लग्नाला मानवत नाही असे मला वाटते. रेकॉर्डिंग लावणार असाल तर संथ आलाप सोडून मध्यलयीच्या बंदिशीपासून सुरू करा, कारण पाहुणे येत असताना आलाप गोंगाटात विरून जातो. फाइल फोनमध्ये उतरवून ठेवा, मांडवातल्या नेटवर विसंबू नका. वादक प्रत्यक्ष असतील तर त्यांना सावलीत बसवा. उन्हात सनईचा सूर चढतो आणि चौघड्याशी जुळेनासा होतो.

सनई थांबवायला आणि पुन्हा सुरू करायला एक माणूस नेमावा, तोही बोहल्याकडे तोंड करून उभा. मामा वधूला घेऊन निघाले की सनई सुरू, अंतरपाट धरला की बंद, अंतरपाट सरकून हार पडले की लगेच सुरू. बाहेरच्या बँडलाही याच माणसाने हात दाखवायचा. हे ठरलेले नसले की सातव्या कडव्यालाच ताशा वाजू लागतो. कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी यांच्या वेळी काहीही वाजवू नका. तिथे मंत्र ऐकू यायला हवेत.

वरातीबद्दल दोनच गोष्टी. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, म्हणून गोरज मुहूर्त असेल तर वरात साडेआठलाच निघाली पाहिजे. आणि रेकॉर्ड केलेली गाणी वाजवण्याचे शुल्क कोणी मागितले तर कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२(१)(झेडए) दाखवा; लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात सवलतीत धरले आहेत.