आठ चात्यांची जेनी आणि आमच्या चाळीचा गणपती

आषाढी एकादशी झाली की आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाची पहिली सभा बसायची. तळमजल्याच्या पॅसेजमध्ये सतरंजी, मधोमध पावती पुस्तकं आणि कोपऱ्यात स्टोव्हवर चहाचं आधण. रात्रपाळीवाल्यांना जेवून निघायचं असायचं, म्हणून नऊच्या आत सभा उरकायची हा रिवाज. वर्गणी, मंडप, भजनाच्या बाऱ्या, महाप्रसाद हे सगळं पंधरा मिनिटांत ठरायचं. खरी हमरीतुमरी व्हायची ती देखाव्यावरून.

मुंबईच्या गिरणगावात तेव्हा घरटी एक माणूस कापडगिरणीत होता. आमच्या मजल्यावर तर दर खोलीत दोन-दोन. वडील साच्यावर, म्हणजे विणाई खात्यात. शेजारचे काका त्रासनमध्ये, म्हणजे सूतकताईच्या खात्यात. समोरच्या मावशी वाइंडिंगला, म्हणजे कांड्यांवर सूत गुंडाळायला. आणि दुसऱ्या मजल्यावर फिटरकाका, ज्यांच्या बोटांच्या पेरांतलं काळं ग्रीस दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही निघत नसे. १९७८च्या सभेत तेच उठून म्हणाले, "दरवर्षी आपण पुराणातलं दाखवतो. ह्या वेळी ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते यंत्र आलं कुठून, ते दाखवू. पोरांना कळू दे."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग रात्रशाळेत शिकवणारे मास्तर म्हणाले, "निवेदन मी लिहितो." तिथून सलग चार वर्षं आमच्या गणपतीसमोर इंग्लंडमधलं लँकेशायर उभं राहत गेलं. औद्योगिक क्रांती मी नंतर शाळेत शिकले, परीक्षेत तिच्यावर टीपही लिहिली, पण मला ती कळली मंडपात, थर्माकोल आणि डिंकाच्या वासात.

पहिल्या वर्षी सुरुवात धोट्यापासून करायची हे वडिलांनी ठरवलं. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा तो लाकडी धोटा. पूर्वी विणकर तो एका हातानं सोडायचा नि दुसऱ्या हातानं झेलायचा. कापड हाताच्या पल्ल्याहून रुंद झालं की दोन माणसं लागायची. १७३३ साली लँकेशायरमधल्या बरी गावच्या जॉन के यानं धोट्यासाठी मागाच्या फणीपुढे वाट केली, दोन्ही टोकांना पेट्या बसवल्या आणि विणकराच्या हातात फक्त एक दोरी दिली. दोरीला हिसका दिला की धोटा आपला आपण पलीकडे. वडिलांना त्यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची होती. त्यांच्या साच्यावर दोरीऐवजी यंत्राचा दांडा धोट्याला फटका मारायचा एवढाच फरक. जॉन के पुढे फ्रान्सला गेला आणि तिथेच हलाखीत वारला, हे मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या परक्या माणसाबद्दल त्यांना वाईट वाटलं होतं, अगदी खात्यातलंच कुणी गेल्यासारखं.

विणाईचा वेग वाढला आणि सूत कमी पडू लागलं. एका विणकराला सूत पुरवायला आधीच चार-पाच कातणारे लागत, आता तेही पुरेनात. ही अडचण मंडळात कुणाला समजावून सांगावी लागली नाही. "कांडी संपली की साचेवाले आमच्याच नावानं ओरडतात," असं वाइंडिंगच्या मावशी म्हणाल्या आणि सगळा पॅसेज हसला.

त्या अडचणीतून जेम्स हारग्रीव्ह्ज या विणकराची जेनी आली, १७६४च्या सुमारास, ब्लॅकबर्नजवळच्या स्टॅनहिलमध्ये. एक चाक, त्यावर आठ चात्या, म्हणजे सुताला पीळ देणारे फिरते दांडे, आणि आठही धागे एकदम धरून मागे ओढणारी एक सरकती पट्टी. म्हणजे आपला चरखाच, पण आठपट. जेनी नावाची त्याची मुलगी होती, तिच्या हातून चरखा आडवा पडला आणि त्याला कल्पना सुचली, ही गोष्ट फार गोड आहे; मास्तरांनी मात्र ती निवेदनातून काढून टाकली, कारण तिला आधार नाही. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांनी बरोबर केलं.

फिटरकाकांनी जेनी केली ती मोडक्या सायकलच्या चाकाची. चात्या भंगारबाजारातून आणल्या, चौकट सुतारआळीत करून घेतली. गंमत म्हणजे इतक्या गिरणी कामगारांत हातानं सूत कातता येणारी व्यक्ती एकच होती, तिसऱ्या मजल्यावरची आजी. गांधीजींच्या काळात ती गावी चरखा चालवायची. तिला जेनीसमोर बसवलं. पहिल्या दिवशी आठांतले सहा धागे तुटले. आजी रोज आरतीनंतर बसायची, तुटलेला धागा बोटांवर थुंकी लावून सांधायची, पुन्हा चाक फिरवायची. गौरी गेल्या त्या रात्री आठही धागे पट्टीबरोबर सरसरत मागे आले आणि मंडपात जी टाळी पडली ती मला अजून ऐकू येते. सूत मऊ आणि अशक्त निघालं होतं. हारग्रीव्ह्जच्या जेनीचंही तसंच निघे. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला चाले, ताण्याचा ताण त्याला सोसत नसे.

निवेदनात पुढे होतं की १७६८ साली आसपासच्या लोकांनी हारग्रीव्ह्जच्या घरात घुसून जेन्या फोडल्या आणि तो नॉटिंगहॅमला निघून गेला. हे वाक्य आलं तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे बदली कामगार मोठ्यानं म्हणाले, "त्यांचं तरी काय चुकलं?" त्यावर रात्री साडेबारापर्यंत वाद चालला. यंत्र वाईट की यंत्राचा मालक, आठ चात्या आल्या तर सात बायका कुठे जाणार, कापड स्वस्त झालं ते कुणासाठी. मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होते. उत्तर निघालं नाही, प्रसाद मात्र संपला.

दुसऱ्या वर्षी, १९७९ला, देखावा होता क्रॉमफर्डचा. डर्बीशायरमधल्या त्या लहानशा गावात रिचर्ड आर्कराईट यानं १७७१ साली पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली. आर्कराईट मूळचा न्हावी, केसांचे टोप करून विकणारा. हे कळल्यावर आमच्या नाक्यावरच्या केशकर्तनालयानं त्या वर्षी दुप्पट वर्गणी दिली! आर्कराईटच्या नावावरचं यंत्र १७६९चं, वॉटर फ्रेम. त्याचं मर्म रुळांत होतं. रुळांच्या जोड्या एकामागे एक, आणि पुढची प्रत्येक जोडी मागच्यापेक्षा वेगानं फिरणारी. कापूस त्यातून जाताना ओढला जाऊन बारीक होत जातो, मग चातीवर त्याला पीळ बसतो. फिटरकाकांनी हे दोन पोरांकडून करून दाखवलं. एकानं कापसाचा पेळू हळूहळू सोडायचा, दुसऱ्यानं भरभर ओढायचा. मधला कापूस बघता बघता बारीक झाला. "हेच रूळ आजही आमच्या खात्यात आहेत," त्रासनचे काका म्हणाले. मास्तरांनी तेव्हाच सांगितलं की वॉटर फ्रेमच्या पुढच्या अवताराला इंग्रजीत थ्रॉसल म्हणत, तिथल्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या नावावरून, कारण ते यंत्र चालताना गुणगुणायचं. थ्रॉसलचंच आमच्याकडे झालं त्रासन. ज्या खात्यात बाजूच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे, त्या खात्याच्या नावात पाखरू होतं. काकांना ते इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस ते भेटेल त्याला सांगत सुटले.

त्या देखाव्यात यंत्रांखाली शाडूची लहान मुलं बसवली होती. क्रॉमफर्डला दिवस आणि रात्र अशा बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या, आणि कामाला सात-आठ वर्षांची पोरंही होती. ब्रिटनमध्ये कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी आली १८३३च्या कायद्यानं. आपल्याकडे १८८१चा पहिला कारखाना कायदा आला तेव्हा वयाची अट ठरली फक्त सात वर्षांची. हे वाक्य ऐकताना पुढे बसलेल्या बायांनी आपापली पोरं जवळ ओढली. मग मास्तरांनी नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव घेतलं. त्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवून दिली. लोखंड्यांच्या तसबिरीला हार घातला गेला तो गणपतीच्या हाराबरोबरच आणलेला होता.

त्याच वर्षी सॅम्युएल क्रॉम्प्टनच्या म्यूल या कताईयंत्राला दोनशे वर्षं होत होती. म्यूल म्हणजे खेचर. जेनीची सरकती गाडी आणि वॉटर फ्रेमचे रूळ यांचा संकर, म्हणून हे नाव. तिच्यावर इतकं तलम आणि मजबूत सूत निघू लागलं की आपल्या मलमलीची बरोबरी करायला विलायतेला साधन मिळालं. हा मुद्दा मास्तरांनी ठासून मांडला आणि मलाही तो महत्त्वाचा वाटतो. भारतीय सुती कापडानं विलायती बाजार इतका व्यापला होता की १७२१ साली तिथल्या पार्लमेंटनं छापील सुती कापड वापरायलाच बंदी घातली. ज्या कापडाची त्यांना धास्ती होती तसंच कापड यंत्रावर काढायच्या ध्यासात पुढची पन्नास-साठ वर्षं गेली, आणि नंतर त्याच यंत्रांच्या कापडानं इथले माग बसवले. क्रॉम्प्टनला स्वतःला काय मिळालं? त्यानं पेटंट न घेता यंत्र खुलं केलं, गिरणीवाल्यांनी वर्गणीचं वचन दिलं आणि हाती आले जेमतेम साठ पौंड. "वर्गणी बुडवणारे तिथेही होते तर," खजिनदार म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती.

तिसरं वर्ष वाफेचं. मला सगळ्यांत प्रिय तेच.

किटलीचं झाकण उडालं आणि वॅटनं इंजिन शोधलं, असं आम्ही सगळे समजत होतो. फिटरकाकांनी ते ऐकून मान हलवली आणि अंगणात स्टोव्ह मांडला. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा, तळाशी तांब्याभर पाणी. पाणी खळखळून उकळू दिलं, तोंडातून वाफ भसाभसा येऊ लागल्यावर डबा फडक्यानं धरून खाली उतरवला, तोंड घट्ट बंद केलं आणि आम्हा पोरांना मागे सरकवून वरून बादलीभर गार पाणी ओतलं. दोन क्षण काही नाही. मग धाडकन आवाज झाला आणि तो चौकोनी डबा कुणीतरी मुठीत चुरगाळावा तसा आत बसला. बायका किंचाळल्या. काका शांतपणे म्हणाले, "ह्याला कुणी दाबलं? वाफेनं नाही. वाफेचं पाणी झालं, आत पोकळी झाली, बाहेरच्या हवेनं दाबलं."

हेच टॉमस न्यूकमेनचं इंजिन. लोखंडी सामानाचा व्यापारी होता तो. १७१२ साली डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला त्यानं ते उभं केलं. मोठ्या नळकांड्यात वाफ भरायची, गार पाण्याचा फवारा मारायचा, हवा दट्ट्या खाली ढकलते, तुळईचं दुसरं टोक पंप वर उचलतं. खोड एकच. दर खेपेला तेच नळकांडं तापवायचं आणि तेच थंड करायचं, त्यात कोळसा वारेमाप जायचा. खाणीच्या तोंडावर कोळशाला कोण विचारतो, म्हणून चाललं.

१७६३-६४च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातल्या न्यूकमेन इंजिनाचं छोटं मॉडेल दुरुस्तीला आलं ते जेम्स वॅटकडे. तो तिथे उपकरणं बनवायचा, दुरुस्त करायचा. मॉडेल दोन-चार झटक्यांत दमून जाई. का, या प्रश्नानं त्याला वर्षभर छळलं. १७६५ साली एका रविवारी फिरायला गेला असताना त्याला उत्तर सापडलं. वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं, म्हणजे मुख्य नळकांडं कायम गरम राहील. उत्तर एका ओळीचं. ते प्रत्यक्षात यायला मात्र दहा वर्षं गेली, कारण दट्ट्याला घट्ट बसेल असं गोल नळकांडं कुणाला कोरता येत नव्हतं. ते जमलं जॉन विल्किन्सनच्या कारखान्यात, तोफा कोरायच्या तंत्रातून. हा भाग सांगताना फिटरकाकांचे डोळे चमकायचे. "डोक्यातलं इंजिन आणि हातातलं इंजिन यांच्यामध्ये नेहमी एक फिटर असतो," असं ते म्हणाले होते. त्यांच्या लेखी त्या सगळ्या कथेचा नायक विल्किन्सनच होता.

चौथ्या वर्षी आगगाडी होती. १८२९च्या रेल्वे इंजिनांच्या शर्यतीतलं स्टीफन्सनचं रॉकेट नावाचं इंजिन आणि १६ एप्रिल १८५३ची बोरीबंदर ते ठाणे गाडी. सुंदर झाली होती, गर्दीही फार झाली, पण तिच्यात फिटरकाकांचा डबा नव्हता.

आणि मग १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली. ऑगस्टमध्ये गणपती आला तेव्हा कुणाकडे पावती पुस्तक न्यायचीही लाज वाटत होती. मूर्ती लहान आणली, प्रसाद साखर-खोबऱ्याचा, देखावा नाही. एके रात्री मास्तर फळा घेऊन मंडपात आले आणि त्यांनी १८११-१२ची नॉटिंगहॅमशायरची गोष्ट सांगितली. मजुरी उतरवणाऱ्या मालकांच्या यंत्रचौकटी मोडणारे कामगार, आणि १८१२ साली यंत्र मोडणाऱ्याला फाशीची तरतूद करणारा कायदा. चार वर्षांपूर्वी "त्यांचं तरी काय चुकलं?" असं विचारणारे म्हातारे पहिल्या रांगेत होते. त्या रात्री त्यांनी काही विचारलं नाही. वडीलही बोलले नाहीत. यंत्र मोडण्याचा विचार त्यांच्या मनात कधी आलाच नसता. बंद पडलेल्या साच्याला गंज चढत असेल, एवढीच काळजी ते आईजवळ बोलून दाखवायचे.

चाळ गेली, तिथे आता उंच इमारत आहे. आम्ही डोंबिवली-विरारपासून कराड-चिपळूणपर्यंत पांगलो. मंडळ टिकलंय. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी जुने लोक जमतात, तो दिवस मी चुकवत नाही. गेल्या खेपेला वडिलांचा झिजून बाद झालेला धोटा पिशवीत घालून नेला होता. सात-आठ वर्षांच्या एका मुलानं तो उलटापालटा करून विचारलं, "ही होडी आहे का?" मी त्याला दोन्ही टोकांच्या लोखंडी टोप्या दाखवल्या, आतली कांडीची जागा दाखवली, धागा बाहेर यायचं भोक दाखवलं. मग आम्ही दोघं फरशीवर समोरासमोर बसलो आणि तो इकडून तिकडे, तिकडून इकडे सोडत राहिलो, आरतीची घंटा होईपर्यंत.