स्टोरी नाही, कॅलेंडर सांभाळते मी

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) खेळणारं कुणी भेटलं आणि त्याला कळलं की आम्ही चाळीसेक लोकांचं एकच कॅम्पेन, म्हणजे एकाच जगात सेशनमागून सेशन चालणारा खेळ, चालवतो, की पहिला प्रश्न ठरलेला, "बापरे, मग स्टोरी केवढी लिहावी लागत असेल!" शून्य लिहावी लागते. खरंच. माझा सगळा वेळ जातो एका गूगल शीटमध्ये, कोण कुठल्या तारखेला गावाबाहेर पडलं, कधी परत येणार, कोणाकडे किती सोनं, कुठल्या गुहेतला कुठला दरवाजा कोणी फोडून ठेवलाय. डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणजे कोणीतरी जादूगार वगैरे असतं अशी लोकांची समजूत असते, पण एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये डीएम म्हणजे तलाठी. फेरफार नोंदवायचे, नकाशा सांभाळायचा, भांडणं आली की आधी वही उघडायची.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एकजण डीएम, तो सांगतो समोर काय दिसतंय, बाकीचे सांगतात आम्ही काय करतो, आणि जमलं का नाही ते फासे ठरवतात. बस. आणि अशी बहुतेक कॅम्पेन्स ड्रॅगनमुळे मरत नाहीत, तारखा जुळत नाहीत म्हणून मरतात. एकाची नाइट शिफ्ट, एकाकडे साखरपुडा, एकजण गणपतीला कोकणात, की झालं, पुढच्या शनिवारी बघू, आणि तो शनिवार काही येत नाही.

मग चाळीस लोकांचं कसं जमतं? तर असं की चाळीस जण कधी एकत्र येतच नाहीत.

आणि ही काही नवीन आयडिया नाही बरं का. १९७४ साली डी अँड डीच्या पहिल्या पुस्तिका आल्या त्यातच लिहिलंय की एका कॅम्पेनमध्ये चार ते पन्नास खेळाडू चालतील आणि साधारण वीसांमागे एक रेफरी (म्हणजे डीएम) असावा. पन्नास! म्हणजे आपण आज जे चार-पाच जणांचं टेबल "नॉर्मल" समजतो ते नंतरचं. डी अँड डीच्या दोन निर्मात्यांपैकी एक म्हणजे गॅरी गायगॅक्स, त्याच्या घरी अमेरिकेतल्या लेक जिनीव्हाला, त्याने रचलेल्या ग्रेहॉक किल्ल्याच्या तळघरांत उतरायला इतकी माणसं यायला लागली की त्याने रॉब कुंट्झला, जो स्वतः आधी खेळाडू होता, सोबत डीएम म्हणून घेतलं. एक जग, दोन डीएम, आज हे चार आले उद्या ते सहा. आम्ही डिस्कॉर्डवर (ऑनलाइन, चॅट चॅनल आणि व्हॉइस कॉलवर) जे करतो तेच, फक्त त्यांच्याकडे पेन्सिल होती.

आमचा ढाचा मात्र सरळ बेन रॉबिन्स या गेम डिझायनरचा आहे. त्याने वेस्ट मार्चेस नावाचं कॅम्पेन दोन वर्षांहून थोडं जास्त चालवलं, दहा ते चौदा खेळाडू होते, आणि २००७ मध्ये त्याबद्दल सगळं लिहून ठेवलं. ठरलेली वेळ नाही, ठरलेली पार्टी (एकत्र मोहिमेला जाणारा गट) नाही, ठरलेलं कथानक नाही. वार-वेळ ठरवणार खेळाडू, कोणाबरोबर जायचं ते खेळाडू ठरवणार, आणि कुठे जायचं तेही. डीएमने फक्त जग तयार ठेवायचं. एक सुरक्षित गाव, त्याच्या एका बाजूला जंगल, आणि जितकं लांब जाल तितकं वाईट. गावात काहीही घडत नाही, मुद्दाम. कारण गावात मजा यायला लागली की लोक गावातच बसतात, चहा पितात (गेममध्ये पण!) आणि जंगल तसंच राहतं.

आमच्या गावाचं नाव मोहरगाव. पश्चिमेला घाट उतरला की देवराई, मग पडकी चौकी, मग बारव, आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते लिहीत नाही कारण आमचे लोक हे वाचतात. कोणाला खेळायचं असेल तर त्याने चॅनलवर टाकायचं, गुरुवारी रात्री साडेनऊ, देवराईच्या मागची वाट बघायचीय, क्लेरिक (जखमा भरून काढणारं पात्र) हवा, चार जागा. एवढंच. "मी फ्री आहे, कोणी काही ठेवतंय का" असा मेसेज टाकला तर मी उत्तर देत नाही. सुरुवातीला लोकांना हे उद्धटपणाचं वाटायचं. पण डीएमने एकदा का "चला या शनिवारी मी ठेवते काहीतरी" म्हटलं, की पुढचे सगळे शनिवार लोक तोंड उघडून बसतात आणि मग कुठे जायचं हेसुद्धा तूच सांग म्हणतात.

आणि सेशन संपताना सगळ्यांनी गावात परत आलंच पाहिजे. रात्रीचे बारा वाजले, पार्टी अजून तळघरात, पुढच्या वेळी इथूनच सुरू करू, हे बंद. कारण पुढच्या वेळी हेच पाचजण असतील याची गॅरंटी कोण देणार? त्यामुळे साडेअकराला कोणीतरी म्हणतंच की निघूया आता, आणि कोणीतरी म्हणतंच की फक्त ही एक खोली, आणि माणसं मरतात ती त्या एका खोलीत.

आता कॅलेंडर. १९७९ च्या डीएम गाइडमध्ये गायगॅक्सने एक वाक्य सगळं कॅपिटल अक्षरांत छापलंय, अर्थ असा की वेळेची काटेकोर नोंद ठेवली नाही तर कॅम्पेनला अर्थच उरत नाही. कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं काका उगाच ओरडतायत. चार जणांच्या टेबलावर ते उगाचच आहे, कारण वेळ सगळ्यांची एकच असते. पण चार पार्ट्या एकाच जंगलात फिरायला लागल्या की पहिला प्रश्न येतो तो हाच, आधी कोण पोचलं? गायगॅक्सचाच उपाय आम्ही घेतलाय, बाहेरचा एक दिवस म्हणजे गेममधला एक दिवस. शनिवारी रात्री तीन तासांत तुम्ही आठ दिवसांची मोहीम खेळलात, तर तुमचं पात्र पुढच्या रविवारपर्यंत लॉक. मधे खेळायचंय? दुसरं पात्र काढा.

यातून जे होतं ते मी ठरवून सुद्धा लिहू शकले नसते. एका महिन्यात असं झालं की गावातले सगळे क्लेरिक एकाच वेळी जंगलात. उरलेल्यांची अशी पंचाईत की एक नवीन मुलगी पहिल्या लेव्हलची क्लेरिक घेऊन आली तर तिच्यामागे तीन पार्ट्या, एकजण तर लुटीतला दुप्पट वाटा द्यायला तयार. तिला वाटलं इथे लोक नवीन माणसांशी फारच छान वागतात.

बारवेची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. दिवस एकास एक चालतात म्हणजे ऋतूसुद्धा आपलेच, इथे पाऊस तर मोहरगावात पाऊस. बारव मी तीन टप्प्यांची केली होती आणि सगळ्यात खालच्या टप्प्यात एक दगडी दरवाजा, जो पावसाळ्यात अर्थातच पाण्याखाली. कोणाला काही सांगितलं नाही. जुलैत एक पार्टी गेली, त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की बाविसाव्या पायरीवर पाणी आहे, पुढे काही नाही, वेळ फुकट. डिसेंबरात दुसरी पार्टी, चौतिसाव्या पायरीवर पाणी. हे दोन्ही रिपोर्ट कित्येक महिने तसेच पडून होते. मग ठाण्याचा एक अकाउंटंट, जो जुने रिपोर्ट ऑफिसात लंच टाइमला वाचतो, त्याने मार्चमध्ये टाकलं की अरे हे पाणी उतरतंय, मेपर्यंत तळ दिसला पाहिजे. गदारोळ नुसता. सगळ्यांना मेचा शेवटचा आठवडा हवा.

पण एका पार्टीने मेची वाटच बघितली नाही. एप्रिलच्या एका शनिवारी त्यांनी मोहरगावात दोन बैल, एक चामड्याची मोट आणि जाड नाडा विकत घेतला. मोट! माझ्या शीटवर बैलांची किंमत सुद्धा नव्हती, जागेवर ठरवली. दोन दिवस चालत बारव, मग तीन दिवस पाणी उपसलं, मी म्हटलं प्रत्येक दिवसाचा आवाज जंगलात जातोय हे लक्षात ठेवा, ते म्हणाले चालेल. गुरुवारी रात्री दरवाजा सापडला, आणि आवाजाने जे यायचं ते पण आलं. दोघं जमिनीवर, जखमा भरणारं एक पोशन उरलं नाही, पण जिंकले. शुक्रवारी तिथेच पायऱ्यांवर पडून राहिले आणि रविवारी गावात. असं खेळून झालं.

आता नियम असा की पार्टी परत येईपर्यंत तिचा रिपोर्ट चॅनलवर टाकायचा नाही. खेळून झालं असलं तरी. त्यामुळे बुधवारी दुसरी एक पार्टी काहीच माहीत नसताना त्याच बारवेला निघाली आणि शुक्रवारी तिथे पोचली. मी कॅलेंडर बघतेय, शुक्रवार. मी म्हटलं, "तुम्हाला काठावर दोन बैल बांधलेले दिसतायत." पूर्ण शांतता. मग एकजण म्हणाला, "बैल कोणाचे?" मी पहिल्या पार्टीतला फायटर (लढवय्या) जो खेळतो त्याला मेसेज केला, जागा आहेस का, तो नागपूरला घरी जेवत होता, तो तसाच ताट घेऊन व्हॉइसवर आला आणि पुढचा पाऊण तास आपल्याच जखमी फायटरच्या आवाजात भाव करत बसला. समोरच्यांकडे क्लेरिक होती ना. पहिली पार्टी सुखरूप गावात पोचली हे तर आधीच ठरलेलं होतं, कशी पोचली ते त्या रात्री ठरलं, आणि आमच्याकडे लूट गावात आल्याशिवाय वाटली जात नाही त्यामुळे भावाला जागा होती. एक तृतीयांश वाट्यावर मिटलं. यात मी लिहिलेलं काय? एक बारव आणि एक दरवाजा.

रिपोर्ट खेळाडूंनीच लिहायचे, लिहिणाऱ्याला थोडं सोनं. नकाशापण त्यांचाच, आणि तो चुकला तर मी दुरुस्त करत नाही. देवराईच्या उत्तरेला एक ओढा आमच्या नकाशावर अजून उलटा वाहतोय आणि त्यावरून दोन पार्ट्या रस्ता चुकल्यात. काही लोकांना हा छळ वाटतो. असू दे.

एकापेक्षा जास्त डीएम आले की खरी डोकेदुखी सुरू होते. आम्ही चौघं आहोत, आणि चारही जण एकाच हाताने देणारे नसतात. आमच्यातला एकजण इतका दिलदार की त्याच्या सेशनला सात मिनिटांत जागा भरायच्या, कारण तिथे गोब्लिनच्या खिशातसुद्धा जादूची अंगठी. तो माणूस गोड आहे, टेबल उत्तम चालवतो, पण महिन्याभरात त्याच्या पार्टीसमोर बाकीच्यांची पात्रं हमाल दिसायला लागली. मग लूट तक्त्यावरून, डीएमच्या मनावर नाही, असा नियम केला. ज्याने प्रदेश बनवला त्यालाच तिथे बदल करता येईल हा दुसरा. मोठमोठ्या कॅम्पेन्सना हेच करावं लागलंय. लिव्हिंग ग्रेहॉक २००० ते २००८ चाललं, जगभर, खऱ्या देशा-राज्यांना गेममधले प्रदेश वाटून दिलेले आणि प्रत्येक प्रदेशावर तिघांचं मंडळ. तिथे प्रत्येक पात्राला वर्षाला ५२ टाइम युनिट मिळायचे, मोहिमेला गेलात की त्यातले खर्च. फिरून फिरून सगळे कॅलेंडरवरच येतात.

सध्याचं भांडण पैशाचं आहे. पाचव्या एडिशनमध्ये हीलिंग पोशन ५० सोन्याची नाणी, प्लेट आर्मर (अंगभर लोखंडी चिलखत) १५००, त्यापुढे माणसाने सोन्याचं करायचं काय? म्हणून मी गावात बांधकाम काढलं. घाटाखालच्या नदीवर पूल, पाच हजार नाणी, झाला तर पश्चिमेची वाट एक दिवसाने कमी. लगेच वर्गणी सुरू झाली, पावतीपुस्तक आलं (एकाने खरंच डिझाइन करून टाकलं, वर गणपतीऐवजी डी अँड डीतला राक्षस, घुबडअस्वल), आणि होळीच्या सुमारास पूल झाला. आता ज्यांनी जास्त वर्गणी दिली त्यांचं म्हणणं आहे की बाकीच्यांनी पुलावर टोल द्यावा. ज्यांनी काहीच दिलं नाही ते म्हणतात आम्ही पोहून जाऊ. आमच्यातल्या, अमेरिकेत राहणाऱ्या दोघांना तर टोलची कल्पना इतकी आवडलीय की त्यांनी नाक्यावर बसायला नवीन पात्रं काढलीत, मोहिमेवर जायचंच नाही म्हणे, फक्त पावत्या फाडायच्या. माझा नियम गावात काही घडत नाही असा आहे, आणि पूल गावात येतो का जंगलात यावर चॅनलवर तीन दिवस वाद चाललाय. नकाशा काढून बघितलं, हद्दीची रेघ बरोब्बर नदीच्या मधून जाते.