पावडर सुटली की आधी पापुद्रा उलटा करून बघा

भोसरीत आमचं पावडर कोटिंगचं (लोखंडावर रंगाची पावडर मारून ती ओव्हनमध्ये बेक करायची) छोटं जॉबवर्क युनिट आहे. मागच्या पावसाळ्यात एका पार्टीचे 6 एमएम एचआर (हॉट रोल्ड, म्हणजे गरम लाटलेल्या) प्लेटचे ब्रॅकेट परत आले, कडेकडेने पावडर सुटलेली, नखाने जरा उचकटलं की लांबच्या लांब पट्टी हातात. पार्टी म्हणाली तुमची पावडर भंगार, मग मी तोच डायलॉग पावडरवाल्याला ऐकवला, आणि तो म्हणाला आधी ओव्हन बघा. आपल्या धंद्यात हे असंच गोल फिरतं.

ओव्हन ठीक होता. एमईके नावाच्या सॉल्व्हंटचा बोळा घासून बघितला, रंग सुटत नव्हता, मऊ पण पडत नव्हता, म्हणजे बेक नीट झालेलं. डीएफटी, म्हणजे कोटिंगची जाडी, पण 70 मायक्रॉनच्या आसपास.

मग निघालेली पट्टी उलटी करून उजेडात धरली (हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं). पाठीला काळपट निळसर पातळ थर. म्हणजे पावडरने काही सोडलंच नव्हतं, ती स्केलला (लोखंडावर बसलेल्या ऑक्साइडच्या थराला) घट्ट धरून होती आणि स्केलने लोखंड सोडलं. जाड प्लेट लेझरवर ऑक्सिजनने कापली की कडेला असा ऑक्साइड बसतो, नायट्रोजनने कापली तर नाही बसत. आमच्या पिकलिंगमध्ये, म्हणजे ॲसिडच्या टँकमध्ये, सपाट भाग साफ व्हायचा पण कडेचा हा थर तेवढ्या वेळात निघत नव्हता, आणि फॉस्फेटिंग (पावडर नीट धरावी म्हणून देतो तो फॉस्फेटचा थर) झाल्यावर सगळंच करडं दिसतं, मग कोणाला कळणार.

पण चार-पाच ब्रॅकेटची पावडर मधल्या भागातूनही सुटली होती आणि तिथल्या पापुद्र्याची पाठ एकदम स्वच्छ. हे वेगळं दुखणं, तेलाचं.

टँकवर असणाऱ्या मामांना म्हटलं, डीग्रीझिंगमधून (तेल काढायच्या गरम टँकमधून) एक पीस काढा, साध्या पाण्यात चांगला बुडवा आणि उभा धरा. पाणी अर्धा मिनिट तरी अख्ख्या पृष्ठभागावर सलग राहायला पाहिजे. आमच्या पीसवर मधेच फाटलं आणि थेंब थेंब झाले, अळूच्या पानावर होतात तसे. एक सांगतो, रिन्स नीट न करता ही टेस्ट केली तर साबणामुळे तेल असूनही पाणी सलग दिसतं आणि आपण उगाच खूश होतो.

डीग्रीझिंग टँकच्या डिस्प्लेवर तर 60 डिग्री दाखवत होतं. मामांनी टँकच्या बाहेरच्या पत्र्याला दोन ठिकाणी हात लावला आणि म्हणाले, "दादा, या बाजूला कोमटच लागतंय." दोनपैकी एक हीटर गेलेला, आणि सेन्सर नेमका चालू हीटरच्या शेजारी! किती दिवस असं चाललं होतं देव जाणे.

पाठीला पांढरट भुकटी दिसली तर मात्र फॉस्फेटकडे बघा. ड्रायरमधून आलेल्या जॉबवरून काळं फडकं फिरवायचं, फडक्याला भुकटी लागली तर फॉस्फेट सैल बसलंय, नाहीतर टँकमधला गाळ जॉबवर चढलाय. आणि बॉक्स पाइपच्या जॉबला वेल्डच्या फटीतून ओव्हनमध्ये तपकिरी ओघळ येतात ते आत अडकलेलं ॲसिड असतं, पाइपला निचऱ्याचं भोक नसेल तर तुम्ही किती पण रिन्स करा. ते भोक फॅब्रिकेटरनेच पाडायचं असतं आणि तो पाडत नाही.

हीटर दुसऱ्या दिवशी बदलला. सेन्सर दोन्ही हीटरपासून लांब लावला. आता सकाळी पहिल्या हँगरला पाण्याची टेस्ट झाल्याशिवाय मामा लाइन सोडत नाहीत, आणि जाड लेझर कट जॉब आला की कडेला आधी फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची घासायची चकती) मारतो, त्याचे पैसे वेगळे लावतो. पार्टी कुरकुरते. त्यांना दाखवायला त्या काळ्या पाठीच्या दोन पट्ट्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात.