चाईवरचा चिनी उपचार

शांघायमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना माझ्या कानामागे रुपयाएवढी चाई पडली, म्हणजे तेवढ्या जागेचे केस गळाले, आणि एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर मी पारंपरिक चिनी वैद्यांकडे गेलो. त्यांनी जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवरील नाडी तीन बोटांनी बराच वेळ तपासली आणि रक्त व मूत्रपिंड यांचे बल कमी असल्याचे निदान केले. केस म्हणजे रक्ताचाच शेषभाग, असे त्या शास्त्रात मानतात. मग टोकाला आखूड सुयांचा झुबका असलेल्या छोट्या हातोडीने त्वचा लालसर होईपर्यंत हलके ठोके दिले. दुखण्यापेक्षा चरचर अधिक होती.

त्यांनी दिलेल्या काढ्यातील मुख्य औषध होते ‘हे शोऊ वू’ नावाच्या वनस्पतीचे, काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवलेले मूळ. काढा मात्र मी घेतला नाही, कारण या मुळामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पुढे केस आले, आधी पांढरे आणि मग काळे. श्रेय सुयांना द्यावे काय? चाई हा प्रतिकारशक्तीनेच केसांच्या मुळांवर हल्ला केल्याने होणारा विकार असून लहान चट्टे अनेकदा वर्षभरात उपचारांवाचूनही भरून येतात, त्यामुळे मला ते पटत नाही. चट्टे वाढत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून स्टेरॉइडची इंजेक्शने घेणे मला अधिक भरवशाचे वाटते.