आमची वाटचाल : ‘काच चाटणारा एक टाका’

सिंहगड रस्त्यावरचं आमचं दुकान २००३ साली सुरू झालं, तेव्हा ते अर्धं झेरॉक्सचं आणि अर्धं शोभेच्या माशांचं होतं. घर झेरॉक्सवर चालायचं, हौस माशांवर भागायची. मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात पहाटे जायचं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बसवायच्या आणि ऊन चढायच्या आत पुणं गाठायचं. पुढे ओळखी झाल्या आणि चेन्नईच्या कोळत्तूरहून थेट माल यायला लागला. झेरॉक्सचं मशीन नेमकं कधी विकलं ते बायकोला विचारावं लागेल, हिशेब तिच्याकडे असतात.

गिऱ्हाइकाचं एक वाक्य मात्र तेव्हापासून तेच आहे. गोल्डफिश, एंजल पिशवीत बांधून झाले की पाकीट काढता काढता म्हणणार, “आणि तो काच चाटणारा एक टाका.” म्हणजे सकर. बोटाएवढा, स्वस्त, आणि लहान असताना खरोखर शेवाळ खाणारा. पण तो वाढतो फूट-सव्वा फुटापर्यंत. दोन फुटी टाकीत जेमतेम पंचावन्न लिटर पाणी मावतं, म्हणजे पुढे त्याला त्यात वळायलाही जागा उरत नाही. मोठा झाला की शेवाळ सोडून इतरांच्या खाण्यावर हात मारतो. घाण इतकी करतो की फिल्टरचा स्पंज सारखा धुवावा लागतो.

मग तेच गिऱ्हाईक बादली घेऊन परत. “ठेवून घ्या, नाहीतर नदीत सोडतो.” नदीत सोडू नये म्हणून आम्ही ठेवून घेत गेलो, त्यासाठी मागच्या बाजूला हौद बांधला. केरळ-आंध्रातल्या पाण्यांत असेच सोडलेले सकर आज मच्छीमारांची डोकेदुखी झाले आहेत. त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि अंड्यांसाठी ते काठाला बिळं पाडतात. हौद भरला तेव्हा आम्ही सकर विकणंच बंद केलं. वडील रोज संध्याकाळी दुकानात बसायचे. म्हणाले, “अरे, दुकान आहे की शाळा? मागतील ते दे.” काही गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, हेही खरं.

सकर नाही तर काय, हे सांगण्याआधी आम्ही टाकीचा फोटो मागायला लागलो, कारण प्रत्येक शेवाळाला खाणारा वेगळा असतो. नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर येतो, तो बोटाने पुसला तरी जातो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. त्यासाठी मासा घ्यायची गरज नाही. पाणीच हिरवं झालं असेल तर कोणताही मासा उपयोगाचा नाही. तिथे पाण्यासाठीचा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावा, नाहीतर टाकीचा दिवा कमी वेळ लावा. निळसर हिरवा, वास मारणारा चिकट पापुद्रा आला तर तो मुळात शेवाळच नव्हे, जिवाणू असतात, आणि त्याला तोंड लावणारं फारसं कोणी नाही. काचेवरच्या घट्ट हिरव्या ठिपक्यांना निराइट गोगलगाय उत्तम. तिची पांढरी अंडी लाकडावर चिकटून बसतात, पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं होत नाहीत, तेव्हा टाकीभर गोगलगायी होण्याची भीती नको.

टाकीतल्या झाडांच्या पानांवर काळी दाढी, म्हणजे काळ्या केसांसारखं शेवाळ, आली असेल तर सायमीज अल्गी ईटर हा मासा. इथे घोळ आहे. ठोक बाजारातून ‘अल्गी ईटर’ म्हणून आलेल्या एकाच पिशवीत सायमीज, फ्लाइंग फॉक्स आणि चायनीज असे तिन्ही जातींचे मासे निघू शकतात. आमच्याकडे माल आला की मुलगा भिंगच घेऊन बसतो. सायमीजचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत जातो. चायनीजचं तोंड चोषकासारखं असतं. पिवळ्या रंगामुळे तो खूप खपतो, पण वयात आला की भांडकुदळ होतो आणि एंजल, गोल्डफिश यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटायला लागतो. तो आम्ही ठेवत नाही.

छोट्या टाकीसाठी आमची पसंती ब्रिसलनोजला, म्हणजे सकरच्याच कुळातल्या छोट्या माशाला. चार-पाच इंचांवर त्याची वाढ थांबते. चेन्नईहून आलेल्या एका जोडीने पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात नारिंगी अंडी घातली आणि नर आत बसून पंखांनी त्यांना वारा घालू लागला. तिथून आमची पैदास सुरू झाली. आता घराच्या गच्चीवर रॅक आहेत आणि बायको भाजी चिरताना दुधीचा, काकडीचा तुकडा बाजूला ठेवते. दोडकाही चालतो. पालक उकळत्या पाण्यातून काढून द्यावा, नाहीतर तरंगत राहतो. टाकीत लाकडाचा तुकडा मात्र हवाच, तो ते किसत बसतात.

२०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसले आणि झाडांच्या टाक्यांची मागणी एकदम वाढली, तशी शेवाळ खाणाऱ्या ओटोंचीही. दीड इंची गोड मासा, पण बरेचसे नद्यांतून पकडून आणलेले, प्रवासात उपाशी राहिलेले. आम्ही ते आल्यावर निदान दोन आठवडे आमच्याच हिरव्या पडलेल्या टाकीत ठेवतो. पोट भरलेलं दिसलं की मग विकतो, तेही एकटा नाही, पाच-सहा मिळून, आणि महिन्याभरापूर्वी भरलेल्या टाकीसाठी तर नाहीच. यात भांडवल अडकतं. बायकोचं यावर मत वेगळं आहे.

पाण्याचंही विचारतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ, सोसायटीच्या बोअरचं जड. बोअरवाल्यांना आम्ही मॉली ही मासळी सुचवतो. ती जड पाण्यात खूश असते आणि दिवसभर काचेवरचा हिरवा थर टिपत राहते. गोगलगाय किंवा अमानो कोळंबी असेल तर माशांच्या औषधाची बाटली वाचून घ्या, तांबं असलेलं औषध टाकलं तर त्या मरतात.

अधूनमधून कोणी गावाकडच्या नदीतला मळ्या बरणीत घेऊन येतो. “फुकटचा अल्गी ईटर, नाही का?” दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो हे खरं, पण तो खळाळत्या पाण्यातला. एप्रिलच्या पुण्यात, दोन फुटी संथ टाकीत त्याला ठेवायला आम्ही कोणाला सांगत नाही, आणि विकत तर मुळीच नाही.

दिवा आठ तासांच्या वर नको, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. हे ऐकून निम्मी गिऱ्हाइकं मासा न घेताच परत जातात. काचेला घासायचं चुंबक मात्र घेऊन जातात, त्यात आमचा नफा माशापेक्षा जास्त असतो. दुकान सोमवारी बंद असतं. टाकीचा फोटो दुकानात येण्याच्या आदल्या दिवशी पाठवा आणि दिवा बंद करून नको, लावून काढा.