‘आणि तरीही त्याने ऐकले नसते तर?’

नोकरीसाठीचा अर्ज, लेखी चाचणी, कागदपत्रांची तपासणी हे सगळे सुरळीत पार पडले. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. मुलाखत अडली ती एकाच प्रश्नावर, आणि त्याचा वैताग अजून पुरता ओसरलेला नाही.

‘सहकारी आपल्या वाट्याचे काम वेळेत करत नव्हता, असा एखादा प्रसंग सांगा,’ असे तिघांच्या मंडळाने विचारले. माझ्याकडे खरा प्रसंग होता. मासिक अहवालाची आकडेवारी एक सहकारी नेहमी उशिरा देत असे. त्याला बाजूला घेऊन विचारल्यावर कळले की, ती मुळात दुसऱ्या विभागाकडूनच उशिरा येत होती, म्हणून मी त्या विभागाशी बोलून त्यांची मुदत अलीकडे घ्यायला लावली आणि पुढचा अहवाल वेळेवर गेला. अशा उत्तरात अपेक्षित असलेले प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम असे चारही टप्पे त्यात आले होते. अध्यक्षबाईंनी मान वर न करता विचारले, ‘पण त्याने ऐकले नसते तर?’ मी म्हटले, कामाची फेरवाटणी सुचवली असती. ‘आणि तरीही त्याने ऐकले नसते तर?’ वरिष्ठांच्या कानावर घातले असते. ‘आणि वरिष्ठांनी त्याचीच बाजू घेतली असती तर?’ घडलेल्या गोष्टीचा शेवट सांगून झाल्यावर न घडलेले शेवट असे एकामागून एक मागितले जात होते, आणि शेजारचे गृहस्थ प्रत्येक उत्तरानंतर समोरच्या तक्त्यात खूण करत होते.

‘असे झाले तर काय कराल?’ असे मुलाखतीत विचारण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली; तीत उत्तरे आधी ठरवलेल्या नमुन्यांशी ताडून गुण दिले जातात. ‘मागे असे झाले तेव्हा काय केलेत?’ या पद्धतीचा पुरस्कार टॉम जान्झ यांनी १९८२ मध्ये केला. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, पण खऱ्या प्रसंगाला कल्पित शेपटे जोडत राहिल्यास उमेदवाराने नेमके काय सिद्ध करायचे?

अखेर मी सांगितले, ‘काम किती मागे पडले आणि त्याची झळ कुणाला बसते, हे तारखांसह लेखी कळवले असते आणि वरिष्ठांचा निर्णय मानून माझे काम चालू ठेवले असते.’ तेव्हा कुठे बाईंनी मान वर केली. या उत्तराचे समाधान मला आजही वाटते.

वरिष्ठांकडे जाण्यात कमीपणा नाही, मात्र ती पहिली पायरी म्हणून सांगू नये. सहकाऱ्याच्या स्वभावावर बोलण्यापेक्षा कामावर काय परिणाम झाला, तेवढेच सांगावे. तयारीबद्दल सांगायचे राहिले: मतभेद, चुकलेली मुदत, नाराज ग्राहक अशा विषयांवरचे चार-पाच खरे प्रसंग आधीच लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे ‘ऐकले नसते तर?’ हा प्रश्न स्वतःच दोन-तीनदा विचारून पाहावा. उत्तरापूर्वी क्षणभर विचार करायला वेळ मागितल्यास कोणी गुण कापत नाही.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारतात, तेव्हा गटात मतभेद झाल्यास अंतिम निर्णय कोण घेतो, हे अवश्य विचारावे. मी विचारले, तेव्हा तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोन वेगवेगळी उत्तरे दिली.